वीराचं घोरणं

आमच्या डोंगरातल्या नारिन गावात आज जी माणसं ट्रक चालवतात, दुकानं सांभाळतात, पोलिसात आहेत किंवा सरकारी खुर्चीत बसून लोकांना "उद्या या" म्हणून सांगतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना लहानपणी दुपारी झोपवलं ते कालिपा-एजेनं. बालवाडीतल्या बाईंना मुलं थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणतात आणि मोठी झाली तरी ती सवय सुटत नाही. भर बाजारात एखादा मिशाळ खाटीक सुरा बाजूला ठेवून विचारतो, "एजे, बऱ्या आहात ना?" कालिपा त्याला नीट निरखते आणि म्हणते, "तू खिडकीजवळचा. पांघरूण लाथाडायचास."

तिला नावं आठवत नाहीत, पलंग आठवतात.

तिच्या बालवाडीला लागून असलेल्या शाळेत मी पहिलीच्या वर्गाला शिकवायचे. मधे पॉप्लरच्या झाडांची एक रांग, एवढंच अंतर. तिच्याकडची मुलं दोन वर्षांनी माझ्याकडे यायची, आणि कोणतं मूल तिच्या हाताखालून आलं आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळायचं. ती मुलं दुपारी चिडचिड करत नसत.

दुपारचं जेवण झालं, सुक्या जर्दाळूंच्या सरबताचे पेले रिकामे झाले, की तिथे शांत तास सुरू होतो. कालिपा बूट काढून ठेवते. लोकरीच्या मोज्यांवर चालत पडदे ओढते. मग रोज त्याच क्रमानं प्रत्येक पलंगाशी थांबते आणि मुलाच्या छातीवर तळहात टेकवते. काही बोलत नाही, थोपटतही नाही. नुसता हात ठेवते आणि पुढे जाते. शेवटी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या बुटक्या खुर्चीवर बसते आणि गोष्ट सुरू करते.

गोष्ट एकच. राखाडी घोडीचं शिंगरू धुक्यात हरवतं. घोडी नदीला विचारते, नदी म्हणते मी घाईत आहे. कड्याला विचारते, कडा म्हणतो मला मान वळवता येत नाही. घोडी पहिली खिंड चढते, दुसरी खिंड चढते. शब्द तेच, आवाज तोच, कुठे चढत नाही, कुठे उतरत नाही. घोडी तिसऱ्या खिंडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत सगळी खोली झोपलेली असते. तिथे कालिपा थांबते आणि मोजे विणायला घेते.

त्यामुळे अख्ख्या नारिनमध्ये त्या गोष्टीचा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. लग्नाकार्यात दोन पेले पोटात गेले की मोठमोठे बाप्ये तिच्याभोवती जमायचे.

"एजे, आज सांगूनच टाका. शिंगरू सापडलं की नाही?"

"झोपला नसतास तर कळलं असतं."

सगळी पंगत हसायची. मी एकदा एकटीला गाठून विचारलं, तेव्हा तिनं खांदे उडवले. "मला तरी कुठे माहीत आहे? तिथवर जायची पाळीच आली नाही."

तिला स्वतःचं मूल झालं नाही. नवरा खिंडीतल्या रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीवर होता, तो तरुणपणीच गेला. मजेची गोष्ट म्हणजे तिला स्वतःला घरी झोप लागत नसे. रेडिओ लावून बसायची. "माझ्या वाटची पोरांना वाटून टाकली," असं म्हणायची आणि चहात साय घालायची.

अशी ही बाई एका पोरापुढे हरली, त्या पोराचं नाव बायसल.

तो आला त्या शरदात साडेचार वर्षांचा होता. काटकुळा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, तोंड कायम उघडं. पहिल्याच दिवशी त्यानं एका मुलीच्या हाताला चावा घेतला, रव्याची लापशी जमिनीवर ओतली आणि दुपारी कपाटावर चढून बसला. उतरवायला गेलेल्या स्वयंपाकिणीच्या, राईखानच्या, डोक्यावरचा रुमाल त्यानं ओढून फेकला. कुणी रागावलं की तो रडत नसे. डोळे चोळायचा आणि पुन्हा तेच करायचा.

त्याची आई नुर्झात शिवणकारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची. बाप रशियात बांधकामावर. घरात तिसरा माणूस म्हणजे आजोबा, ओमुरझाक-अता; म्हाताऱ्या माणसांना आमच्याकडे अता म्हणतात. सगळं आयुष्य घोड्यांच्या कळपामागे काढलेले, आता गुडघे धरले म्हणून धाकट्या सुनेच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेले. नातवाला न्यायला तेच यायचे. डोक्यावर पांढरी उंच टोपी, हातात उगाचच चाबूक.

"अता, आज बायसलनं दोघांना चावलं," कालिपानं त्यांना दारातच सांगितलं.

"दोघांनाच?"

"हसू नका. मुलांच्या आया माझ्या अंगावर येतात."

"अगं पोरी, हे वीराचं लक्षण आहे. त्याचं घोरणं ऐकलंस का?"

"ऐकलं. सगळ्या खोलीनं ऐकलं. म्हणून तर कुणी झोपलं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की जणू तिनं नातवाला पदकच दिलं. "आमच्याकडे पाहुणे येतात ना, ते चहाचा पेला खाली ठेवून ऐकतात. माझा थोरला भाऊ डोंगरातून खास आला होता ऐकायला. भिंत हलते, भिंत!"

आता यात त्यांची चूक म्हणावी, तर ती आम्हा सगळ्यांचीच होती. आमच्या जुन्या वीरगीतांतले वीर असेच झोपतात. लढाईवरून आले की दिवसचे दिवस उठत नाहीत, आणि त्यांच्या घोरण्यानं तंबूचं जाड लोकरी नमद्याचं छत वर उचललं जातं, खाली बसतं. लहानपणापासून प्रत्येकानं हे ऐकलेलं. घरात पोरगं घोरायला लागलं की बायका एकमेकींकडे बघून हसतात, पुरुष मिशीला पीळ देतात. डॉक्टरकडे कोण जातं?

शांत तासात बायसल झोपायलाच तयार नसे. पापण्या मिटायला आल्या की दचकायचा आणि उठून बसायचा. बाकीची खोली झोपली तरी हा जागा. घोडी तिसऱ्या खिंडीच्या पायथ्याशी आली, कालिपा थांबली, आणि अंधारातून एक घोगरा आवाज आला, "मग?"

तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती अजून त्या धक्क्यातून सावरली नव्हती. "इतक्या वर्षांत कुणी 'मग' म्हटलं नव्हतं गं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? सुचलं ते. म्हटलं, घोडी खिंडीवर चढली, धुकं विरलं, तिनं मागे वळून पाहिलं. शिंगरू तिच्या मागेच चालत होतं."

"आणि तो?"

"तो म्हणतो, मग त्यानं हाक का नाही मारली? मी म्हटलं, त्याला दम लागला होता. त्यावर खूप वेळ विचार करत पडला. मग झोपला. आणि झोपला तो असा घोरायला लागला की सगळी पोरं उठून बसली!"

रोज तेच व्हायला लागलं. एक झोपला की बाकीचे उठायचे. अर्धवट झोपेतली मुलं, एक रडलं की सगळी रडायची. शेवटी कालिपानं त्यातल्या त्यात सोपा मार्ग काढला. बायसलचा पलंग घडी करून सामानाच्या खोलीत ठेवला आणि शांत तासात त्याला स्वयंपाकघरात राईखानकडे पाठवायला सुरुवात केली. तिथे तो मनुके निवडायचा, म्हणजे खायचा.

खोलीत शांतता परतली. पण बायसल दिवसेंदिवस जास्तच बिथरला. सकाळी कसाबसा, दुपारनंतर तर त्याच्या जवळ जाण्याची सोय नाही. खेळण्यातला लाकडी घोडा फेकून त्यानं एका मुलाच्या कपाळाला खोक पाडली. त्या मुलाचा बाप बालवाडीच्या अंगणात उभा राहून ओरडला. मुख्य बाई, सालतानात कादीरोव्ना, मनानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या खोलीबाहेर आयांची रांग लागली होती.

"वसंतात नौरुझचा सण येईपर्यंत बघू," त्यांनी नुर्झातला सांगितलं. "तोवर सुधारला तर ठीक. नाहीतर पलंग दुसऱ्या मुलाला द्यावा लागेल. वाट बघणारे पुष्कळ आहेत."

नुर्झात मान खाली घालून उभी राहिली. तिला पुढचं सगळं दिसत होतं. बालवाडी कायमची सुटली की अता नातवाला डोंगरात थोरल्या मुलाकडे नेणार. ते तर तसं आनंदानं बोलूनही दाखवत होते, "घोड्यांत वाढेल, चार भिंतींत पोराला कोंडायचं कशाला?" बर्फ पडला की तिकडचा रस्ता बंद. कारखान्यातून सुट्टी मिळाली तर दोन-चार महिन्यांनी एकदा भेट. नवरा आधीच फोनमधला आवाज झालेला, आता मुलगाही. आणि सून सासऱ्याला नको कसं म्हणणार? आमच्याकडे सून सासऱ्याचं नावसुद्धा तोंडानं घेत नाही.

पुढचं वळण योगायोगानं आलं. एका दुपारी कालिपा स्वयंपाकघरात चहाचं पाणी घ्यायला गेली, तर तिथे शांतता. राईखान पिठाच्या पोत्याला टेकून बसलेली आणि तिच्या मांडीत, तिच्या भरदार छातीला पाठ टेकून, बायसल बसल्या बसल्या झोपलेला. मान किंचित पुढे. घोरत नव्हता.

"हलू नकोस," कालिपा कुजबुजली.

"हलू कशी? माझे पाय केव्हाच गेले. सूप करपतंय ते बघ."

सूप करपलं. मुलांना त्या संध्याकाळी नुसतं पाव-लोणी मिळालं. बायसल मात्र शांत तास संपून बराच वेळ झाल्यावर उठला. उठला तो इकडे तिकडे बघत बाहेर आला, लाकडी घोडा घेतला आणि ज्या मुलाच्या कपाळाला खोक पडली होती त्याच्यापुढे नेऊन ठेवला. "तू आधी बस," म्हणाला. मग दोघे मिळून संध्याकाळपर्यंत त्या घोड्याला गवत चारत होते. गवत म्हणजे राईखानच्या झाडूच्या काड्या.

त्या संध्याकाळी कालिपा पॉप्लरची रांग ओलांडून माझ्याकडे आली. कोट न काढताच बसली.

"पोरगं वाईट नाही गं. पोरगं झोपलेलं नाही."

"घोरतो म्हणजे झोपतोच की."

"मीही तेच म्हणत होते. पण आज तो खरा झोपला आणि वेगळाच मुलगा उठला. मी त्या मुलाला ओळखतच नव्हते." मग कोटाची बटणं सोडत म्हणाली, "आणि मी काय केलं, त्याची दुपारची होती नव्हती तीही झोप काढून घेतली."

दुसऱ्या दिवशी तिनं बायसलचा पलंग सामानाच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात मांडला आणि त्याच्या शेजारी स्वतः बसली. तो आडवा झोपला तेव्हा तिनं नीट ऐकलं. घोरणं, घोरणं, आणि मग एकदम काहीच नाही. छाती वर यायचा प्रयत्न करते, पोट आत जातं, पण श्वास नाही. मग पोरगं मान मागे टाकून बुडणाऱ्या माणसासारखा हवेचा मोठा घोट घेतं, अर्धवट जागं होतं, कूस बदलतं. पुन्हा तेच. तिनं पाठीमागे उशा रचून त्याला उंच केलं, तेव्हा थोडं बरं वाटलं. पण तिला यातलं काही कळत नव्हतं आणि ते तिला ठाऊक होतं. संध्याकाळी ती नुर्झातला कारखान्याच्या फाटकात भेटली.

"घरी कसा झोपतो, खरं सांग."

नुर्झातनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "मान मागे टाकून. घामानं उशी ओली होते. मधेच उठून बसतो, बसल्या बसल्याच झोपतो. अंथरूणही ओलं करतो, एजे. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं मुलं अशीच झोपतात, माझं पहिलंच तर आहे."

"अतांना?"

"त्यांना काय सांगू? ते तर पाहुण्यांना बोलावून ऐकवतात."

दोघी मिळून त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्या तरुण बाई होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी बायसलचं तोंड उघडून आत पाहिलं आणि मागे सरकल्या. नाकाच्या मागचं मांस वाढलंय, घशातल्या गाठीही. दिवसा तोंडानं श्वास ओढून काम चालतं, झोपेत आडवं झालं की वाट बंद. रात्रभर मूल श्वासासाठी झगडतं. "मोठ्या माणसाला झोप मिळाली नाही की तो पेंगतो," त्या म्हणाल्या. "लहान मूल पेंगत नाही, ते पेटतं. चावतं, मारतं, धावतं. लोकांना वाटतं ताकद फार आहे." बिश्केकला लहानशी शस्त्रक्रिया करावी लागेल आणि ती लवकर केलेली बरी, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. तोवर डोकं उंच ठेवून झोपवा, म्हणाल्या.

कालिपा खुशीत होती. तिला वाटलं, संपलं. अवघड भाग तर पुढेच होता.

"घशाला सुरी?" ओमुरझाक-अता गरजले. कालिपा त्यांच्या घरी चहाला बसली होती. नुर्झात पेले भरून देत होती आणि डोळे वर करत नव्हती. "माझ्या नातवाच्या घशाला? शहरातल्या डॉक्टरांना कापायला काही लागतंच."

"अता, त्याचा श्वास अडतो."

"श्वास अडतो म्हणे! ज्याचा श्वास अडतो तो एवढा आवाज करेल? मी रोज भिंतीपलीकडून ऐकतो. असा दणदणीत श्वास मी उमद्या घोड्याचाही ऐकला नाही."

"मधे मधे थांबतो तेव्हा?"

"तेव्हा कूस बदलत असेल. पोरी, तू पोरं झोपवतेस, चांगलं करतेस. पण वीराची झोप बाईमाणसाला काय कळणार? घोरणं काढून टाकलंत तर पोरात उरेल काय?"

कालिपाला राग आला. तो तिनं चहाबरोबर गिळला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तिला नुसती बढाई दिसली नव्हती. मुलगा परदेशात, घोडे विकलेले, गुडघे गेलेले. घरात अभिमान धरावा असं एकच काहीतरी त्यांना रोज भिंतीतून ऐकू येत होतं. तेही ही बाई काढून न्यायला आली होती.

उठताना ती म्हणाली, "बरं. मग उद्या दुपारी बालवाडीत या. तुमच्या वीराची झोप सगळ्यांसमोर ऐकू. मी राईखानला आणि मुख्य बाईंनाही बोलावते."

"येतो की! बोलावच," अता म्हणाले. आमंत्रण कुणाला नको असतं?

ते आले. नवा सदरा, दाढी विंचरलेली. सालतानात कादीरोव्ना दाराशी उभ्या राहिल्या, राईखान हात पुसत आली. मलाही कालिपानं बोलावलं होतं. दारात तिनं अतांना बूट काढायला लावले. त्यांनी चाबूक माझ्या हातात दिला आणि मुलांच्या एका चिमुकल्या खुर्चीवर बसले, गुडघे कानाशी. बायसलचा पलंग त्या दिवशी पुन्हा मोठ्या खोलीत, दाराजवळ मांडला होता.

कालिपानं पडदे ओढले, छातीछातीवर हात ठेवत गेली आणि गोष्ट सुरू केली. दुसऱ्या खिंडीत अतांची स्वतःची मान डुलायला लागली. राईखाननं त्यांना कोपर मारलं.

मग बायसल झोपला आणि सुरू झाला.

अतांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मिशीखाली हसू मावत नव्हतं. बोट वर करून त्यांनी खूण केली, ऐका!

आणि घोरणं थांबलं.

खोलीत इतर मुलांचे श्वास ऐकू येत होते, एकामागून एक, हलके, सारखे. त्यात एक श्वास नव्हता. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येतं, पण श्वासामधली ही रिकामी जागा तिथून ऐकू येत नाही. अतांचं बोट वरच राहिलं. हसूही तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. त्यांच्यासमोर बायसलच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, गळ्याखालचा खळगा खोल जात होता. मान मागे गेली. मग तो मोठा घोट. पोरानं डोळे अर्धवट उघडले, काही दिसलं नाही त्याला, आणि पुन्हा मिटले.

अता खुर्चीवरून उठून पलंगाशी गुडघ्यांवर बसले. त्यांचे ते गुडघे. त्यांनी नातवाच्या बरगड्यांवर हात ठेवला, घोडा बघताना ठेवतात तसा, बोटं पसरून. पुन्हा थांबलं. पुन्हा सुरू झालं. ते तसेच बसून राहिले. मोठ्या आवाजानं आजूबाजूची मुलं चुळबुळायला लागली, पण कुणी अतांना उठवलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांना बूट चढवता येईनात. मी खाली वाकले, तर त्यांनी मला हातानं दूर केलं.

"माझ्या कळपात शिंगरानं असा श्वास घेतला असता," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तर मी दुसऱ्यांदा ऐकायला थांबलो नसतो." मग कालिपाकडे वळून एकदम चिडून म्हणाले, "तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, अता."

"मोठ्यानं सांगायचं होतंस."

त्यांनी चाबूक माझ्याकडून घेतला आणि सालतानात कादीरोव्नाला विचारलं, "तो पलंग. कुणाला दिला तर नाही ना?"

"नौरुझपर्यंत बायसलचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि मग जरा घुटमळून, "शस्त्रक्रिया व्हायची असेल तर नौरुझनंतरही."

बिश्केकला नुर्झात आणि बायसल गेले. अता इथेच राहिले, कारण गाडीत इतका वेळ गुडघे दुमडून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या दिवसांत ते आमच्या पॉप्लरच्या रांगेखाली बाकावर येऊन बसायचे. कारण विचारलं की म्हणायचे, ऊन बरं आहे. ऊन नव्हतं.

फोन कालिपाला आला, बालवाडीत. सगळं नीट झालं होतं. मूल काल रात्री सलग झोपलं होतं. कालिपा मोज्यांवरच अंगणातल्या बर्फात धावली. आनंदाची बातमी आधी आणणाऱ्याला आमच्याकडे बक्षीस द्यावं लागतं, त्याला स्युयुंचू म्हणतात. ती दुरूनच ओरडली, "अता, स्युयुंचू! स्युयुंचू द्या!"

"काय झालं?"

"झोपला! रात्रभर झोपला, आणि आवाज नाही!"

अता उभे राहिले. बसले. त्यांनी खिसे चाचपले. एका खिशातून वाळवलेल्या दह्याचे टणक गोळे निघाले. ते त्यांनी सगळे तिच्या ओंजळीत ओतले. "आवाज नाही," ते हळूच म्हणाले. "अजिबात?"

"अजिबात."

"बरं." मग पुन्हा, "श्वास घेतोय ना पण?"

परत आल्यावर पहिल्या रात्री बायसल झोपला आणि अता जागे राहिले, असं नुर्झातनं सांगितलं. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. ते पुनःपुन्हा उठून दारात येऊन उभे राहायचे. शेवटी तिनंच त्यांची गादी मुलाच्या पलंगाशेजारी घातली. सासऱ्याला सुनेनं काही करायला सांगण्याची त्या घरातली ती पहिली वेळ असावी.

बायसल एकदम गुणी बाळ झाला, असं कुणी समजू नये. घसा बरा झाल्यावर आठवडाभरातच तो पुन्हा कपाटावर चढला. राईखानचा रुमाल अजून त्याला आवडतो. पण आता कुणी रागावलं की तो रडतो, आणि रडून झालं की विसरतो. सालतानात कादीरोव्नांनी कालिपाला विचारलं, "सुधारला म्हणायचा का?"

"आधी दमलेला होता," कालिपा म्हणाली. "आता नुसता खोडकर आहे. खोडकरांचं मला जमतं."

नौरुझच्या आदल्या दिवशी अता दुपारीच आले आणि शांत तासात आत बसू द्या म्हणून हट्ट धरला. बूट काढून त्याच चिमुकल्या खुर्चीवर बसले. दाराजवळच्या पलंगावर बायसल. कालिपानं त्याच्या छातीवर हात ठेवला, नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ, असं मला नंतर अतांनीच सांगितलं. घोडी पहिल्या खिंडीतही पोचली नव्हती, तोवर तो झोपला. तोंड मिटलेलं. बाकीच्या मुलांच्या श्वासांत त्याचा श्वास वेगळा ओळखू येत नव्हता.

घोडी तिसऱ्या खिंडीच्या पायथ्याशी आली. कालिपा थांबली आणि तिनं विणकाम उचललं.

"मग?" अतांनी कुजबुजून विचारलं. "शिंगराचं काय झालं?"

"बायसलला विचारा. साऱ्या गावात त्यालाच ठाऊक आहे."

ते थांबले. मुलं उठली, पडदे उघडले, बायसल डोळे चोळत बसला. अतांनी त्याला मोजे घालता घालता विचारलं.

"शिंगरू मागेच होतं," बायसल म्हणाला.

"मग हाक का नाही मारली त्यानं?"

"दम लागला होता ना त्याला."

"आणि मग?"

बायसलनं आजोबांकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही का. "मग दम गेला. मग मारली."

हल्ली ओमुरझाक-अता पाहुण्यांना घोरणं ऐकवत नाहीत. दुसऱ्याच गोष्टीची बढाई मारतात. परवा एका लग्नात चार मिशाळ बाप्ये त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसले होते, राखाडी घोडीचा शेवट सांगा म्हणून गळ घालत. म्हातारा मांसाचा तुकडा चावत शांतपणे म्हणाला, "झोपला नसतात तर कळलं असतं."

पलीकडच्या पंगतीतून कालिपानं ते ऐकलं. "हे बघ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं एक वाक्य होतं, तेही नेलं म्हाताऱ्यानं."